निळ्या प्लगचा अडॅप्टर: ॲप म्हणतं चार्जिंग सुरू, गाडी म्हणते नाही

मुठाकाठ | शनिवार, रात्री ११:२५

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, एकाच गोष्टीपायी जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून इथे विचारते.

आमची सोसायटी पुण्यात कर्वेनगरातली, जुनी. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट अजून मिळालेला नाही. गाडी इलेक्ट्रिक, छोटी, फक्त एसीवर चार्ज होणारी, गाडीतला (ऑनबोर्ड) चार्जर ३.३ किलोवॅट, डीसीची, म्हणजे फास्ट चार्जिंगची, सोयच नाही. त्यामुळे कधी खराडीला ऑफिसच्या पार्किंगमध्ये, कधी घराजवळच्या सार्वजनिक स्टेशनवर, असं आलटूनपालटून चालतं. दोन्हीकडे गाडीला थेट लागणारी टाइप २ ची गन नाही. तीन निळी गोल सॉकेटं आहेत, फॅक्टरीत असतात तसली. म्हणून निळा प्लग आणि दुसऱ्या टोकाला १५ अँपिअरचं सॉकेट असा तयार अडॅप्टर ऑनलाइन घेतला. त्यात गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर लावते.

खराडीला सात महिने बिनतक्रार चाललं. घराजवळच्या स्टेशनवर मात्र चार्जरच्या डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतो. ॲपवर 'चार्जिंग सुरू', गाडीच्या स्क्रीनवर काहीच नाही. मंगळवारी एकदा सुरू झालं आणि आठ मिनिटांत, ०.४ युनिट गेल्यावर बंद पडलं. तिन्ही सॉकेटं करून पाहिली. हेल्पलाइनवाले म्हणाले, 'मॅडम, आमच्याकडून सेशन ओके दाखवतंय, गाडी सर्व्हिसला दाखवा.' सर्व्हिसवाले म्हणतात गाडी ठीक आहे. काल सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडीत ११ टक्के. शेवटी रिक्षा केली.

नक्की कुठे बघू?

नानापेठ_वायरमन | शनिवार, रात्री ११:५२

ताई, गाडी सर्व्हिसला टाकण्याची घाई करू नका. आधी एक समजून घ्या. ॲप 'सुरू' म्हणतं म्हणजे स्टेशनमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे आतला मोठा स्विच, बसला आणि सॉकेटला वीज आली, बस. ही निळी सॉकेटं भारत एसी-००१ या २०१७ च्या नमुन्याची. त्यांना गाडी दिसतच नाही. आत तीनच पिना असतात, फेज, न्यूट्रल आणि जाडी असते ती अर्थ. गाडीशी बोलणारी पायलटची वायर तुमच्या पोर्टेबल चार्जरच्या डब्यापासून पुढे सुरू होते. हेल्पलाइनवाला खोटं बोलला नाही, त्याला तेवढंच दिसतं.

तो डबा गाडीला वीज देण्याआधी मागे बघतो, अर्थिंग आहे का. नसेल तर लाल दिवा, आणि गाडीला काही कळवतच नाही. बहुतेक डब्यांवर कुठला दिवा किती वेळा लुकलुकतो त्याचा अर्थ मागे छापलेला असतो, तो वाचून इथे टाका.

आणि तीन वस्तू वेगळ्या करा. स्टेशन, अडॅप्टर, डबा. एका वेळी एकच बदलायची. डबा कुणाच्या तरी चांगल्या अर्थिंगच्या १५ अँपिअर पॉइंटवर थेट लावून बघा. मग त्याच स्टेशनवर दुसऱ्या कुणाचा अडॅप्टर मागून लावा. दोन्ही एकदम बदललंत आणि चालू झालं, तर चोर कोण ते कळणार नाही.

नदीपलीकडे | रविवार, सकाळी ७:४०

मुठाकाठ, मलाही हाच त्रास गावी झाला होता. उपाय दहा मिनिटांचा आहे. अडॅप्टरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका छोट्या तारेने जोडून टाका. डब्याला अर्थ मिळाल्यासारखं वाटतं, लाल दिवा जातो. असा तयार प्लगही मिळतो. मी दीड वर्ष वापरतोय, काही झालं नाही. तुमची अडचण खरी आहे म्हणून सांगतोय.

वेताळटेकडी | रविवार, सकाळी ८:०५

हा धागा उद्या दुसरं कुणी वाचून हेच करून बसेल, म्हणून स्पष्ट लिहिते. असं करू नका. नदीपलीकडे दादा, तुम्हीही आजच्या आज काढा.

मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर आहे, बावीस वर्षं पॅनेलचं काम करते. अर्थची तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधले, आणि त्या जोडाच्या मागे न्यूट्रल कुठेही सुटला, पिन सैल झाली, स्क्रू ढिला झाला, तर चार्जरमधून फिरून आलेल्या विजेला परत जायची वाट उरत नाही. ती अर्थच्या तारेने गाडीच्या पत्र्यावर येते, पूर्ण २३० व्होल्ट. कुठे फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही, पत्रा थेट फेजवर. गाडी रबरी टायरवर उभी, जमिनीपासून वेगळी. जुलैच्या पावसात ओल्या चपला घालून दाराच्या मुठीला हात लावणारा माणूस त्या घटकेला अर्थ होतो. डब्याला लाल दिवा दिलाय तो या माणसासाठी. तो दिवा आपण फसवून घालवायचा?

चांगल्या सार्वजनिक स्टेशनवर हा जोड चालणारही नाही. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला पाहिजे, थोडा अर्थने गेला की तो पडतो. गावी पडला नाही याचा अर्थ तिथे आरसीसीबी नाही, किंवा अर्थिंगच नाही. दीड वर्ष काही झालं नाही, ते केवळ न्यूट्रल शाबूत राहिला म्हणून.

रागावून लिहिलं नाही. काळजीने लिहिलंय.

नदीपलीकडे | रविवार, सकाळी ८:५०

ताई, पटलं. गाडी जमिनीपासून वेगळी असते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. प्लग काढून ठेवला. गावच्या घराला अर्थिंगचा खड्डाच नाही, तो या महिन्यात करून घेतो. तोवर तालुक्याच्या स्टेशनवर चार्ज करीन.

मुठाकाठ | रविवार, रात्री ९:१०

सांगितल्याप्रमाणे केलं. सकाळी सिंहगड रोडला बहिणीकडे गेले, तिच्याकडे गीझरचा पॉइंट नवा आहे. डबा थेट लावला, दोन तास व्यवस्थित चार्जिंग. म्हणजे डबा आणि गाडी ठीक.

संध्याकाळी घराजवळच्या स्टेशनवर एक गृहस्थ गाडी लावून बसले होते. त्यांना विनंती केली, त्यांनी त्यांचा अडॅप्टर पाच मिनिटं दिला. हिरवा दिवा! त्याच सॉकेटात माझा लावला, लाल.

आणि एक गोष्ट लक्षात आली. मी लाल दिवा बघत डबा हातात उचलून धरला तर दिवा हिरवा झाला. सोडला, पुन्हा लाल. खराडीला सॉकेटं गुडघ्याएवढी खाली आहेत, अडॅप्टर आणि डबा कट्ट्यावर टेकलेले असतात. इथे सॉकेट छातीएवढं उंच, सगळं वजन अडॅप्टरला लोंबकळतं. सात महिने हा फरक डोळ्यासमोर होता, दिसला आज.

नानापेठ_वायरमन | रविवार, रात्री ९:३०

सापडलं. तुमच्या अडॅप्टरच्या आत अर्थची तार ढिली आहे. वजन आलं की सुटते. आता तो कशालाही न लावता घरी उघडा. मल्टीमीटर असेल तर बीपच्या खुणेवर ठेवा, एक टोक निळ्या प्लगच्या जाड पिनेला, दुसरं सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला, आणि वायर हलवा. बीप तुटला की तीच जागा. उघडल्यावर फेजची बाजूही बघा, तिथे रंग बदललाय का.

मुठाकाठ | सोमवार, रात्री १०:४५

उघडला. जे दिसलं ते लिहिताना अजून हात थरथरतोय.

निळ्या प्लगच्या आत हिरव्या तारेचं टोक जेमतेम तीन मिलिमीटर सोललेलं. स्क्रू तांब्यावर नाही, हिरव्या प्लास्टिकवर आवळलेला. तांब्याचे दोन केसाएवढे तंतू बाजूने बाहेर येऊन पितळेला टेकत होते. सात महिने मला मिळालेलं अर्थिंग म्हणजे ते दोन तंतू. बीपवर ठेवून वायर वाकवली, बीप बंद. सरळ केली, बीप सुरू.

दुसरं टोक, १५ अँपिअरचं सॉकेट. फेजच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळसर तपकिरी झालंय, नखाने दाबलं तर किंचित मऊ लागतं. आतली पितळी पट्टी निळी-काळी पडलीय. वायरवर १.५ चौरस मिलिमीटर लिहिलंय.

सॉकेट गरम लागायचं हे मला आठवतं. मला वाटायचं एवढं होतच असेल.

वेताळटेकडी | सोमवार, रात्री ११:२०

उघडून बघितलंत हे फार चांगलं केलंत. फोटो वेळ काढून नक्की टाका.

गरम लागण्याबद्दल थोडं लिहिते, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष याकडेच होतं. आपण घरात १५ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर लावतो तो वीस मिनिटं. गाडी तेवढाच करंट पाच-सहा तास सलग घेते. सैल पट्टी आणि पिन यांच्यात एक दशांश ओहमचा रोध आला, तरी १५ अँपिअरला त्या एका टोकावर साडेबावीस वॅट उष्णता होते. तापकीर गल्लीत, आपल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न मिळतं. तेवढी उष्णता, सॉकेटच्या पोटात, सहा तास. पट्टी तापली की तिची स्प्रिंग मरते, पकड आणखी सैल होते, रोध वाढतो, आणखी तापते. असं ते स्वतःच स्वतःला जाळत जातं.

तुमच्या डब्यावर किंवा गाडीत करंट कमी करायची सोय असेल तर अनोळखी सॉकेटवर १० अँपिअर ठेवा. करंट दोन तृतीयांश होतो, पण उष्णता करंटच्या वर्गाने कमी होते, म्हणजे निम्म्याहूनही खाली येते. वेळ दीडपट लागेल, लागू दे. आणि पहिला अर्धा तास झाला की हाताने तपासा. कोमट चालेल. हात ठेवून राहावत नाही इतकं गरम असेल तर आधी ॲपवरून थांबवा, मगच प्लग काढा.

जळका अडॅप्टर दुरुस्त करू नका. तोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही.

नानापेठ_वायरमन | मंगळवार, सकाळी ६:५५

ताई, नवा करायचा असेल तर चांगल्या कंपनीचा निळा १६ अँपिअरचा तीन पिनी प्लग घ्या, वायर तीन कोअर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, तीही अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नको. सॉकेट शटरवालं, घट्ट पकडीचं. तारेच्या टोकांना थिंबल, म्हणजे धातूची टोपणं, दाबून घ्यायचे, नुसते पिळलेले तंतू स्क्रूखाली ठेवायचे नाहीत. अर्थची तार आत इतर दोघींपेक्षा थोडी लांब सोडायची, म्हणजे ओढ बसली तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. प्लगच्या मानेला वायर पकडणारी क्लँप असते, ती वायरच्या बाहेरच्या जाड आवरणावर बसली पाहिजे. बरेच जण ती क्लँप आवळतच नाहीत, आणि मग सगळं वजन स्क्रूवर येतं. तुमचं तेच झालं.

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. माझ्याकडे आणलंत तरी चालेल, मजुरी नको.

डबा टांगायला एक एस आकाराचा हूक आणि जाड पट्टा गाडीत ठेवा. उंच सॉकेट असेल तिथे पट्टा स्टेशनच्या हँडलला किंवा रेलिंगला बांधून वजन त्याच्यावर द्यायचं.

दुचाकीस्वार_धायरी | मंगळवार, दुपारी १:१५

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण अडॅप्टरचाच. स्कूटर आहे, चार्जर साध्या तीन पिनांचा. जवळच्या स्टेशनवर ७.४ किलोवॅटच्या टाइप २ गन आहेत. टाइप २ ते तीन पिन असा अडॅप्टर घेतला. एका ठिकाणी छान चालतो. दुसरीकडे सुरू होतो आणि चारपाच मिनिटांत सेशन आपोआप संपतं. असं का?

वेताळटेकडी | मंगळवार, रात्री ८:४०

टाइप २ च्या गनमध्ये पायलटची पिन असते. तिच्यावर स्टेशन १२ व्होल्ट ठेवून बसतं. गन लागली की गाडी एका रोधाने तो ९ वर आणते, 'मी आले' एवढंच. चार्जिंगला तयार झाली की ६ वर. मगच कॉन्टॅक्टर बसतो. तुमच्या अडॅप्टरमध्ये एक डायोड आणि रोध बसवून थेट ६ व्होल्टची स्थिती केलेली असते. स्टेशनला वाटतं समोर गाडी आहे. काही स्टेशनांना आधी ९ आणि मग ६ असाच क्रम लागतो, म्हणून काही अडॅप्टरवर छोटं बटण असतं. गन लावून, ॲपवर सुरू करून मग ते दाबायचं.

तुमचं सुरू होऊन बंद पडतंय, म्हणजे क्रमाची अडचण नाही. स्कूटरचा चार्जर तीन-चार अँपिअर घेत असेल. काही स्टेशनं इतका कमी करंट बघून समजतात की बॅटरी भरली, आणि सेशन मिटवतात. त्या स्टेशनवर तुमच्या हातात फारसं काही नाही. स्टेशन चालवणाऱ्या कंपनीला कळवा, सेटिंग त्यांच्याकडे असतं.

पण त्याहून महत्त्वाचं. स्टेशन त्याच पायलटवर गाडीला सांगत असतं, 'माझ्याकडून ३२ अँपिअरपर्यंत घे.' खरी गाडी ते ऐकून आपला करंट ठरवते. तुमचा अडॅप्टर ऐकत नाही. पुढे १५ अँपिअरचं सॉकेट, मागे ३२ अँपिअरचं संरक्षण. स्कूटरच्या चार्जरमध्ये बिघाड होऊन तो २५ अँपिअर ओढायला लागला तर स्टेशनच्या दृष्टीने सगळं आलबेल, आणि तुमची वायर जळतेय. म्हणून अशा अडॅप्टरच्या अंगातच १६ अँपिअरचा एमसीबी किंवा फ्यूज हवा. उघडून बघा. नसेल तर वापरू नका.

काढताना क्रम पाळा, आधी ॲपवरून थांबवा, मगच प्लग काढा. खऱ्या गाडीत गन लॉक असते आणि करंट शून्य झाल्यावरच सुटते. तुमच्या तीन पिनांना लॉक नाही. चालू असताना ओढलीत तर ठिणगी पिनेवर पडते आणि पिन खरबरीत होते. खरबरीत पिन पुढच्या वेळी तापते.

दुचाकीस्वार_धायरी | मंगळवार, रात्री ९:०५

एमसीबी नाही. नुसता प्लास्टिकचा सांगाडा, आत दोन रोध आणि सॉकेट. विकणाऱ्याने '७.४ किलोवॅट सपोर्टेड' लिहून विकलाय!

घाटवाट | बुधवार, सकाळी १०:३०

डीसीवाल्यांसाठी एक. परवा पावसात द्रुतगती मार्गावर सीसीएस २ ची (डीसी फास्ट चार्जिंगची) गन लावली, 'इन्सुलेशन फॉल्ट' येऊन तीनदा बंद. शेजारी उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्या दादांनी गन खालून हाताने वर उचलून धरली, लॉकचा खट्ट आवाज येईपर्यंत. लगेच सुरू झालं. डीसीची केबल इतकी जड की गन खाली झुकते आणि पिना नीट बसत नाहीत. त्याआधी त्यांनी गन उलटी करून झटकली होती, आतून चक्क पाणी पडलं. चार्जिंग सुरू व्हायच्या आधी स्टेशन आणि गाडी मिळून केबलचं इन्सुलेशन तपासतात, तिथे ओल लागली की थांबतात, असं त्यांनीच समजावलं. रोज चार वेळा चार्ज करणारा माणूस, त्याला सगळं ठाऊक.

आणखी विचारायचं होतं, जुन्या १५ किलोवॅटच्या डीसी स्टेशनला जीबी/टी (चिनी नमुन्याची) गन असते, त्यावरून सीसीएस २ करणारा अडॅप्टर घ्यावा का?

वेताळटेकडी | बुधवार, दुपारी १२:१०

नका घेऊ. पिनांचा आकार बदलून भागत नाही. जीबी/टी मध्ये गाडी आणि स्टेशन कॅन बसवर, म्हणजे डेटाच्या वेगळ्या तारांवर, बोलतात, सीसीएसमध्ये पायलटच्याच तारेवर पॉवरलाइन पद्धतीने. मध्ये दुभाष्या लागतो, शिवाय ती जुनी १५ किलोवॅटची स्टेशनं फार तर शंभर व्होल्टपर्यंत देतात, आणि सीसीएसच्या गाडीच्या बॅटरीला शेकडो व्होल्ट लागतात. गाडी बनवणाऱ्याने लेखी मान्य केलेला अडॅप्टर असेल तरच.

मुठाकाठ | रविवार, रात्री १०:२०

उशिरा लिहितेय. गुरुवारी ऑफिसनंतर तापकीर गल्लीत जाऊन सामान आणलं, शुक्रवारी नानापेठ दादांनी समोर बसवून अडॅप्टर करून दिला. प्रत्येक थिंबल दाबल्यावर ओढून दाखवला. खरंच मजुरी घेतली नाही, चहासुद्धा त्यांनीच पाजला. दादा, मनापासून आभार.

शुक्रवार ते रविवार तीन रात्री त्याच स्टेशनवर लावला, पट्ट्याने डबा रेलिंगला टांगून. एकदाही लाल दिवा नाही. पहिल्या रात्री दर अर्ध्या तासाने खाली जाऊन हात लावून बघितला, कोमटच होता. आज गाडी १०० टक्के आहे आणि उद्या आईची पुढची तपासणी.

बंद पडलेल्या सेशनांचे कापलेले पैसे मागितले नाहीत. स्टेशनचा दोष नव्हता. पण त्यांना लिहिलं, की सॉकेटाखाली डबा ठेवायला एक फळी लावा. उत्तर आलंय, बघतो म्हणालेत.

नदीपलीकडे | रविवार, रात्री १०:४८

छान वाटलं वाचून. माझ्याकडचीही बातमी देतो. अर्थिंगचा खड्डा झाला, तांब्याची प्लेट घातली, घरात आरसीसीबी बसवला. बसवल्या बसवल्या तो पडला. बघितलं तर गोठ्यातल्या पाण्याच्या मोटरची वायर उंदराने कुरतडलेली. माझे वडील रोज सकाळी अनवाणी तिथे जातात.

दुचाकीस्वार_धायरी | रविवार, रात्री ११:०२

वेताळटेकडी ताई, एमसीबीवाला अडॅप्टर मागवलाय. आला की आतून तपासायचा आहे, पण माझ्याकडे मीटर नाही आणि उघडायचा धीरही होत नाही. धायरीच्या आसपास कुणी आहे का?

नानापेठ_वायरमन | रविवार, रात्री ११:१५

पुढच्या रविवारी वडगावला मेव्हण्याकडे येतोय. दहा वाजता तुमच्याकडे येतो, मीटर आणि स्क्रू ड्रायव्हर माझा. तोवर तो पाकिटातच राहू द्या, आणि जुना आजच डिकीतून काढून ठेवा.